मालकाचा डॉक्टर

आमच्या गावाला म्हणतात, जालना सोने का पालना. पाळण्यात कोण झोपतं ते आम्ही रोज बघतो. आम्ही भट्टीपुढं उभे असतो.

त्या रात्री लालभडक सळई रोलातून उसळली आणि माझ्या जोडीदाराच्या मांडीत घुसली. ठेकेदाराची जीप आली. मी म्हणलो, सरकारी दवाखान्यात घ्या. ठेकेदार म्हणला, "तू गप बस. मालकाचा डॉक्टर हाय. तिथंच जायचं."

मालकाचा डॉक्टर! बैल आजारी पडला तर बैलाला कोण विचारतं?

शिकलेली माणसं सांगतात, डॉक्टर पारखून घ्यावा. चार ठिकाणी चौकशी करावी. अरे, मांडीत सळई घेऊन माणसानं चौकशी कुठं करायची? तेव्हा पसंती नसते. तेव्हा हक्क लागतो. तो हक्क आहे. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालय बोललं : डॉक्टर सरकारी असो की खाजगी, आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे सोपस्कार मागून. १९९२ साली हकीम शेख हा शेतमजूर रेल्वेतून पडला. कलकत्त्याच्या एकामागून एका सरकारी दवाखान्यानं त्याला खाट नाही म्हणून परत लावलं. १९९६ साली न्यायालयानं त्याला २५ हजार भरपाई द्यायला लावली. कलम २१ दाखवून. ते कलम कुणाच्या घटनेतलं, हे तुम्हाला सांगायला नको.

पण खरी लढाई पुढं. रक्त थांबलं, माणूस शुद्धीवर आला, की पसंती त्याची. पुढचा इलाज कुणाचा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं का, गोळ्या कुठल्या दुकानातून घ्यायच्या, हे त्यानं ठरवायचं. मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत हे लिहिलंय. आपले कागद मागायचा हक्कही लिहिलाय.

सातव्या दिवशी जोडीदाराला ताप भरला. मांडी काळी पडली. मी म्हणलो, घाटीला नेतो. डॉक्टर म्हणला, "बिल मिटल्याबिगर कागद नाही." मालकानं तोवर हात वर केले होते. साठ किलोमीटर तसंच नेलं, बिनकागदाचं. घाटीत विचारलं, आधी काय औषध दिलं? आमच्याकडं उत्तर नव्हतं.

पाय वाचला. गुडघा वाकत नाही.

विम्याचा पैसा त्याच्या पगारातून दर महिन्याला कापला जायचा. कामावर अपघात झाला तर बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात. मागायला गेलो. महिन्यांनी हाती आलेला दवाखान्याचा कागद म्हणतो : घरी पडून जखम. मिलच्या अपघातवहीत ओळ नाही. म्हणजे भट्टीनं कुणाला भाजलंच नाही!

आता कळलं मालकाला डॉक्टर आपल्या पसंतीचा का लागतो? त्याला टाके घालणारा नको होता. लिहिणारा पाहिजे होता.

हा विमा आभाळातून पडला नाही. १९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ साली, अदारकरांवर कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायचं काम सोपवलं गेलं. १९४८ ला कायदा झाला. आणि ते सगळं एका खोट्या ओळीनं पुसलं जातं.

आणि आपण? डॉक्टरपुढं हात जोडून उभे. "साहेब, तुम्ही म्हणाल तसं." जोहार आपण केव्हाच सोडला ना? मग हे काय आहे?

भावांनो, पुढच्या वेळी ठेकेदाराच्या जीपची वाट बघू नका. १०८ ला फोन लावा. सोबत दोघं जा. एकानं जखम दाबून धरायची, दुसऱ्यानं कागदावर काय लिहितात ते वाचायचं. खोटं लिहिलं तर तिथंच ओरडायचं.

माझी शाळा सातवीत सुटली. तरी वाचता येतं मला, कविता लिहितो मी. त्या रात्री तो कागद माझ्या डोळ्यांपुढं टेबलावर होता. मी वाचला नाही.

जयभीम.