शहराचे भय आणि कुटुंबाचा प्रवास

दिवाळीच्या सुटीत मुलांस मुंबई दाखवावी की नाही, हा प्रश्न मुफसलातील अनेक घरांत वादाचा होऊन बसतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसावर उतारूंवर गोळ्या झाडल्या गेल्या, ही आठवण अद्याप बुजलेली नाही. तेव्हा भय निराधार आहे, असे कोण म्हणेल? परंतु भय आणि विवेक ह्या दोन निराळ्या वस्तू होत. २०२३ ह्या एका सालात मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर सुमारे अडीच हजार माणसे दगावली. त्यांत पुष्कळ रूळ ओलांडताना व धावत्या गाडीतून पडून. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीने २३ जीव घेतले. तात्पर्य, नित्याचा धोका गर्दीचा आहे आणि तो बराचसा टाळता येतो. कचेरीची वेळ सोडावी, गाडीच्या दारात उभे राहू नये, चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे ते आधीच ठरवावे.

आमचा खरा आक्षेप निराळाच आहे. धोक्याचे निमित्त निघाले की मुलगे जातात. मुली व बायका मात्र घरी राहतात. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने देशभर मोकळेपणी संचार करण्याचा हक्क नागरिकमात्रास दिला आहे. तो स्त्रियांपुरता घराच्या उंबरठ्यावरच जप्त व्हावा काय? पूल रुंद करणे, पहारा ठेवणे हे रेल्वेचे व सरकारचे कर्तव्य होय आणि त्याचा जाब आपण विचारलाच पाहिजे. तोवर सावधपणे, पण सर्वांनी मिळून, अवश्य जावे.