पिस्तुलाचा परवाना कीं पक्षाचा बिल्ला?

बीड जिल्ह्यांतील शस्त्रपरवान्यांचा प्रश्न एका खुनामुळें चव्हाट्यावर आला. आणि मौज अशी कीं, त्या खुनांत बंदूक वापरलीच गेली नव्हती. केज तालुक्यांतील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचें ९ डिसेंबर २०२४ रोजीं अपहरण झालें व अमानुष मारहाणींत त्यांचा अंत झाला. मारणाऱ्यांना त्यासाठीं गोळी खर्चावी लागली नाहीं. पाइप व काठ्या पुरल्या. पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेली दोन कोटी रुपयांची खंडणी व तिच्या आड आलेला सरपंच हें या कृत्याचें मूळ, असें गुन्हे अन्वेषण विभागाचें आरोपपत्र सांगतें. आरोप शाबीत होतात कीं नाहीं हें ठरविणें न्यायासनाचें काम आहे. त्यांत आम्ही पडत नाहीं. परंतु भरदिवसा गांवच्या सरपंचास उचलून नेण्याचें धैर्य माणसांना कोठून येतें, हा प्रश्न न्यायासनापुढचा नसून आपणां सर्वांपुढचा आहे.

या खुनानंतर कमरेला पिस्तुल लावून मिरविणाऱ्यांचीं व हवेंत गोळ्या झाडणाऱ्यांचीं चित्रें घरोघरच्या मोबाइलवर फिरूं लागलीं. सामाजिक कार्यकर्त्या श्रीमती अंजली दमानिया यांनीं आंकडे पुढें ठेवले: परभणींत ३२ परवाने, अमरावतींत २४३, आणि बीडांत १,२२२! बीडचा शेतकरी परभणीच्या शेतकऱ्याहून चाळीसपट भित्रा आहे काय? कीं बीडचा व्यापारी अमरावतीच्या व्यापाऱ्याहून पांचपट श्रीमंत आहे? दोन्हीं नाहीं. मग या परवान्यांचें पीक येथेंच एवढें कां माजलें, याचें उत्तर जमिनींत किंवा हवापाण्यांत शोधून मिळणार नाहीं.

पुढें २०२५ च्या आरंभीं जिल्हा प्रशासनानें गुन्हे दाखल असलेल्यांचे शंभराहून अधिक परवाने रद्द केले. झालें तें योग्यच झालें. परंतु आम्हांस विचारावयाचें तें निराळेंच आहे. हे लोक एका रात्रींत बिघडले काय? ज्यांच्या नांवावर गुन्हे होते त्यांचे परवाने इतके दिवस चालू कसे राहिले? रद्द करण्याच्या हुकुमावर सही करणाऱ्याचें नांव सर्वांना कळलें. देण्याच्या हुकुमामागें कोणाचा शब्द होता, तें मात्र कोणालाच कळलें नाहीं.

याचें एक कारण कायद्याच्या रचनेंतच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें अर्ज आल्यावर नजीकच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवावा लागतो. अर्जदारास शस्त्र घेण्यास योग्य कारण आहे अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली तर पिस्तुल मिळतें. आतां यांतली गोम पाहा. परवाना नाकारावयाचा असेल तर कारणें लिहून ठेवलीं पाहिजेत, असें कलम १४ बजावतें. दिलेला परवाना रद्द करावयाचा असेल तरी कारणें लिहिलीं पाहिजेत, असें कलम १७ सांगतें. मात्र परवाना देतांना कारणें लिहिण्याची अशी सक्ती नाहीं! “नाहीं” म्हणणाऱ्या अधिकाऱ्यास लेखणी झिजवावी लागते. “होय” म्हणणाऱ्याचें सहीवर भागतें. सत्ताधाऱ्यांचा माणूस दारांत उभा असतां कोणता अधिकारी लांबचा मार्ग धरील, हें सांगावयास वकील नको.

आणि एखाद्या अधिकाऱ्यानें तो मार्ग धरलाच, तर वर अपील आहे. २०२५ सालीं पुण्यांत काय झालें तें वाचकांच्या स्मरणांत असेल. एका कुप्रसिद्ध गुंडाच्या बंधूस पोलीस आयुक्तांनीं परवाना नाकारला. अपिलांत गृहराज्यमंत्री श्री. योगेश कदम यांनीं तो मंजूर केला. अर्जदार पूर्वींच्या खटल्यांतून निर्दोष सुटला होता, आणि प्रत्यक्ष परवाना पोलिसांनीं दिलाच नाहीं, असा मंत्र्यांच्या बाजूचा खुलासा होता. तो आम्ही जसाच्या तसा मान्य करूं. तरीही आमचा आक्षेप उरतोच. माणसाच्या हातीं पिस्तुल द्यावें कीं नाहीं, हें ज्याला मतें मागावयाचीं आहेत त्यानें ठरवावें, ही व्यवस्थाच सदोष आहे. उद्यां दुसऱ्या पक्षाचा मंत्री त्या खुर्चीवर बसला म्हणून ती निर्दोष होणार नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, सर्वच परवाने मोडीत काढावे. आम्ही या मताचे नाहीं. इंग्रज सरकारनें १८७८ सालीं देशी भाषांतील पत्रांचें तोंड बांधणारा व प्रजेचे हात बांधणारा असे दोन कायदे केले. पहिला चार वर्षांत गेला. दुसरा १९६२ पर्यंत राहिला. गोऱ्यास मोकळीक आणि काळ्यास बंदी, हा त्यांतील भेद राष्ट्रीय पक्षाला फार झोंबत असे. जानेवारी १९३० मध्यें महात्माजींनीं सरकारपुढें ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतील एक आत्मरक्षणार्थ शस्त्रपरवान्यांची होती. पण ते परवाने लोकनियंत्रणाखालीं असावे, ही अट त्यांनींच घातली होती. पुढच्याच वर्षीं कराची काँग्रेसनेंही शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला, तो नियमांच्या बंधनासह. बीडच्या जुन्या पिढीस याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. बंदूक एका संघटनेच्या हातीं आणि सरकार त्या संघटनेच्या पाठीशीं असलें म्हणजे काय होतें, तें रझाकारांच्या अंमलांत तिनें भोगलें. तात्पर्य, लोकनियंत्रण निराळें आणि पक्षनियंत्रण निराळें. पूर्वजांनीं पहिलें मागितलें. आपल्या पदरीं दुसरें आलें.

आत्मरक्षणाची गरज खोटी आहे, असेंही आम्ही म्हणत नाहीं. ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं माजलगांव व बीड येथें आमदारांचीं घरें पेटविलीं गेलीं. आमदाराच्या घराची ही गत, तर मोंढ्यांतल्या आडत्यानें रात्रीं कोणाच्या भरंवशावर निजावें? परंतु या प्रश्नाचें उत्तर दुकानागणिक एक पिस्तुल हें नव्हे. जून २०२४ मध्यें परळींत मरळवाडीचे सरपंच बापू आंधळे गोळीबारांत मारले गेले; त्या वेळीं जिल्ह्यांत परवान्यांची टंचाई नव्हती. ज्या गांवांत पोलीस वेळेवर येतात व फिर्याद नांव न पाहतां लिहून घेतात, तेथें शहाणा व्यापारी पिस्तुलांत पैसे गुंतवीत नाहीं. परवान्यांची वाढती संख्या ही पोलिसांवरील अविश्वासाची, अथवा पुढाऱ्यांच्या मेहेरबानीची मोजपट्टी होय, सुरक्षिततेची नव्हे.

म्हणूनच केवळ परवाने रद्द झाल्यानें आम्ही हुरळून जात नाहीं. विनापरवाना कट्ट्याला रद्द करण्याजोगा कागदच नसतो, आणि पाइपाला तर परवानाच लागत नाहीं. देशमुख प्रकरणांत सत्ताधारी पक्षाचेच आमदार श्री. सुरेश धस सत्तेंतील मित्रपक्षाच्या मंत्र्याविरुद्ध बोलले. ४ मार्च २०२५ रोजीं श्री. धनंजय मुंडे यांचें मंत्रिपद गेलें. एका पक्षानें दुसऱ्याचीं पापें उघड केलीं तर लोकांचा फायदाच आहे. परंतु एकाचीं माणसें निःशस्त्र होऊन दुसऱ्याचीं सशस्त्र होणार असतील, तर ती सुधारणा नव्हे, खांदेपालट होय. जिल्ह्यांतील एकाही पक्षानें आपल्या पदाधिकाऱ्यांपैकीं किती जणांजवळ परवाने आहेत, याची यादी आपण होऊन लोकांपुढें ठेवल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. परवाना देण्याच्या हुकुमांतही कारणें लिहिलीं जावीं. अर्जासोबत आमदार, खासदार वा मंत्र्याची शिफारस असल्यास तिची नोंद व्हावी, व तालुकावार परवाने आणि शिफारशी यांचा तक्ता दर सहा महिन्यांनीं जाहीर व्हावा. अपील मंत्र्याकडे न जातां न्यायिक अधिकाऱ्याकडे जावें. मिरवणुकींत वा लग्नांत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यांत घालणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनें दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीं ठेवलीं आहेत. तें कलम पुस्तकांतून रस्त्यावर यावें.

राहिली गोष्ट आपली. कमरेचें पिस्तुल दिसावें म्हणून सदरा वर करणाऱ्यास आपल्या बाजारांत उठून जागा दिली जाते, वर्गणीच्या यादींत त्याचें नांव अगोदर लिहिलें जातें, आणि सभेंत त्याला व्यासपीठावर बसवलें जातें. हा मान सरकारनें दिलेला नाहीं. आपणच दिला आहे, व तो काढून घेण्यास कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याच्या हुकुमाची गरज नाहीं. सरकारनें परवाने तपासावे; नागरिकांनीं आपले नमस्कार तपासावे.