ओठावरचा फोड आणि चारित्र्य

मंडळी, आज जरा अवघड विषय आहे. घरातल्यांनी भुवया उंचावल्या तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

परवा एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाली, "बाई, मला हर्पीस झालंय, खालच्या जागी. सासूबाई वेगळ्याच नजरेनं बघतात. यावर लस नाही का हो?"

नाही. हेच खरं उत्तर. आपण जिला नागीण म्हणतो ती कांजिण्यांच्या विषाणूची, आणि त्या दोन्हींवर लस आहे. हा त्याचा चुलतभाऊ, हर्पीस सिम्प्लेक्स. कांजिण्या एकदा येऊन गेल्या की शरीर बहुधा धडा विसरत नाही. हा मात्र मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो आणि पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. प्रत्यक्ष आजारातूनही शरीर शिकत नसेल, तर लसीनं शिकवायचं कसं? २०१२ साली अमेरिका-कॅनडातल्या आठ हजारांहून जास्त स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल आला. विषाणूच्या दुसऱ्या प्रकारापुढे लस नापास झाली, पहिल्यापुढे थोडीफार चालली. २०२४ मध्ये जीएसके कंपनीनं आजार झालेल्यांसाठीची लसही पुढे नेली नाही. असो. प्रयत्न थांबलेले नाहीत.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. ताप आला की माझ्या ओठाच्या कडेला लहानपणापासून फोड उठतात. तो याच विषाणूचा पहिला प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांत तो आहे. बहुतेकांना तो बालपणीच मिळतो, घरच्यांच्या पाप्यांतूनसुद्धा. खालच्या जागीही तो होऊ शकतो. शिवाय वर्षानुवर्षं गप्प राहतो, त्यामुळे कधी आणि कुणाकडून आला हे सांगणं कठीण. त्या मुलीला तो नवऱ्याकडूनही आला असेल, हे सासूबाईंना कसं सुचत नाही?

माझं चारित्र्य मात्र इतक्या वर्षांत कुणी तपासलं नाही!

लस शास्त्रज्ञ आज ना उद्या शोधतील. पण आजाराचं नाव घ्यायलाच लाज वाटत असेल, तर त्या लसीच्या रांगेत उभं कोण राहणार? निदान तेवढी तयारी आपण आजपासून करू शकतो. ती औषधाच्या दुकानात मिळत नाही, घरातच करावी लागते.

बघा, पटतंय का.