मास्तर, पण सहायक
जपानमध्ये इंग्रजी शिकवायला निघालेल्यांनी सामान बांधण्याआधी हुद्दा नीट वाचावा. १९८७मध्ये सुरू झालेल्या 'जेट' या सरकारी योजनेतले बहुतेक जण 'सहायक भाषा शिक्षक' असतात. वर्ग जपानी शिक्षकाचा. पाहुण्यानं उच्चार करून दाखवायचे, खेळ घ्यायचे. करार वर्षाचा, वाढवून फार तर पाच वर्षं. पदवी कुठल्याही विषयातली चालते. नेमणूक मात्र तोक्योतच होईल या भ्रमात राहू नये, भातखाचरांमधलं गावही वाट्याला येतं. त्यात वाईट काय? १८९०मध्ये लाफ्काडिओ हर्न मात्सुएसारख्या लहान शहरात इंग्रजीचा मास्तर झाला, तिथंच संसार थाटला आणि पुढे जपानी भुताखेतांच्या गोष्टी त्यानं इंग्रजीत नेल्या. तोक्यो विद्यापीठात त्याच्यामागून शिकवायला आलेला नात्सुमे सोसेकी मात्र १९०७मध्ये मास्तरकी सोडून वर्तमानपत्रासाठी कादंबऱ्या लिहायला गेला (बरंच झालं म्हणायचं!). आपल्याकडच्या उमेदवाराची खरी अडचण व्हिसाच्या नियमात आहे: अशा शिक्षकाचं किमान १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं लागतं. मराठी शाळेत शिकून इंग्रजी व्याकरण कोळून प्यायलेली मुलगी इथं दारातच अडते, आणि हा नियम मला काही केल्या पटत नाही.