चार्ट खोटं बोलतो तेव्हा...

मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

आमचा मिनी-प्रोजेक्ट शाडूच्या मूर्ती सुकवण्यावर. पावसाळ्यात शाडू लवकर सुकत नाही, पेणच्या कुठल्याही कारखान्यात विचारा. पार्टनर पेणची, मी रोह्याची. ती रोज एका काकांच्या कारखान्यात जाऊन मूर्तीचं वजन करायची आणि एक्सेलमध्ये टाकायची. मी घरी बसून स्लाइड्स. शेवटच्या चार दिवसांची रीडिंग्ज तिने पेण स्टेशनवर मेमूच्या खिडकीतून पेन ड्राइव्हवर दिली (पेणचा पेन ड्राइव्ह, हो, हा जोक सगळ्यांनी मारून झालाय). मी गाडीतच स्लाइडवरचे आकडे बदलले. चार्ट आपोआप बदलेल असं धरून चालले.

रिव्ह्यूला सरांनी विचारलं, "खाली एक लिहिलंय, चार्ट दुसरंच सांगतोय. खरं कुठलं?" मी घाईघाईत 'एडिट डेटा' दाबलं, तर लिंक केलेली फाइल उपलब्ध नाही! बाहेर आल्यावर एकजण म्हणाला, "आकडे घरी बसून बनवलेत वाटतं." ते मार्कांपेक्षा जास्त लागलं. ती मुलगी रोज पावसात जात होती हो.

झालं होतं एवढंच. एक्सेलमधला चार्ट नुसता कॉपी-पेस्ट केला की तो मूळ फाइलला जोडलेला राहतो, आणि ती फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पूर्ण पत्ता लक्षात ठेवतो. माझा चार्ट माझ्या डेस्कटॉपवरच्या जुन्या शीटला चिकटलेला, नवी शीट पेन ड्राइव्हवर. कॉलेजच्या पीसीवर तर तो डेस्कटॉपच नाही. वाईट म्हणजे चार्ट गायब होत नाही. जुनं चित्र दाखवत शांत बसतो.

उपाय सोपा आहे. 'फाइल', मग 'इन्फो', तिथे 'एडिट लिंक्स टू फाइल्स'. (लिंक असेल तरच दिसतं.) 'चेंज सोर्स'ने नवी शीट दाखवायची, मग 'अपडेट नाऊ'. 'ब्रेक लिंक' केलं तर चार्ट राहतो, पण डेटा बदलता येत नाही. काहीजण सांगतात, सरळ एम्बेड कर. थांबा! त्यात अख्खं वर्कबुक आत जातं. आमच्या दुसऱ्या शीटवर काकांचा मजुरीचा हिशेब होता, तो मी वर्गभर मेल केला असता.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. रिव्ह्यूला नुसती पीपीटी घेऊच नये, शीट सोबत मागावी. राइनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या 2010 च्या कर्जावरच्या पेपरात एक्सेलच्या सरासरीतून पाच देश सुटले होते. 2013 मध्ये ते पकडलं थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने, आणि तेही त्यांनी मागितल्यावर मूळ शीट दिली म्हणून. आपल्याकडे शीट कोण मागतं? सगळे ॲनिमेशन बघतात. आणि आपण पण "टेक्निकल प्रॉब्लेम" म्हणून सुटतो. मीही तेच म्हणाले होते, खोटं कशाला बोलू.

पुढच्या शनिवारी नवा चार्ट कागदावर छापून काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून रेघेवर बोट फिरवलं आणि एका जागी थांबले. "इथं आडवी झाली ना? त्या दिवशी लाइट गेली होती, पंखे बंद." रिव्ह्यूतल्या चार्टमध्ये तो दिवसच नव्हता.