अंतर आकाशातले, हिशेब उंबरठ्यापासूनचा

मुंबई ते चिपी हे अंतर नकाशावर सरळ रेघ ओढून मोजले तर सुमारे 350 किलोमीटर भरते, आणि ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेग असलेल्या एटीआर विमानास ते कापावयास पाऊण तास पुरावा, असा निष्कर्ष कोणीही काढील. तथापि 9 ऑक्टोबर 2021 रोजी चिपी येथील सिंधुदुर्गाच्या विमानतळाचे उद्घाटन होऊन सेवा सुरू झाली, तेव्हा वेळापत्रकात एक तास पंचवीस मिनिटे मुक्रर केलेली होती. त्यात वावगे काही नव्हते. वेळापत्रकातील काळ विमान जागचे हलल्यापासून पलीकडे थांबेपर्यंतचा असतो. मुंबईच्या धावपट्टीपाशी लागणारी रांग, उंची गाठण्यात व उतरण्यात जाणारा वेळ आणि गजबजलेल्या आकाशात परवानगीची वाट पाहणे, हे सारे त्यात धरावे लागते.

परंतु प्रवाशाचा हिशेब याहूनही निराळा आहे, आणि तोच खरा आहे. डोंबिवलीचा चाकरमानी चतुर्थीला मालवणकडे निघतो, तेव्हा विमानतळ गाठण्यास दोन तास, तेथे सामान देण्यास व तपासणीस दीड तास, उड्डाणाचा दीड तास आणि चिपीला उतरल्यावर वाहन शोधून वाडीत पोचेपर्यंत आणखी तासभर, अशी सहा तासांची बेरीज होते. रात्री मुंबई सोडणारी कोकणकन्या रेल्वेगाडी त्याला सकाळी कुडाळला उतरवते. तिला वेळ अधिक लागतो खरा, पण तो झोपेत जातो, आणि मुख्य म्हणजे गाडी रोज सुटते.

या नियमितपणापाशीच खरा प्रश्न येऊन ठेपतो. केंद्र सरकारने 2016 साली जाहीर केलेल्या ‘उडान’ योजनेत तासाभराच्या प्रवासास काही आसनांपुरते सुमारे 2,500 रुपयांचे भाडे ठरले, आणि विमान कंपनीची तूट भरून देण्याची तजवीज साधारणतः तीन वर्षांच्या मुदतीपुरती झाली. चिपीच्या मुंबई सेवेची मुदत सरताच 2024 साली ती खंडित झाली. दरम्यान जानेवारी 2023 पासून गोव्यातील मोपा विमानतळावरून विमाने उडू लागल्याने सावंतवाडी, बांदा, दोडामार्गाकडील प्रवाशांचा ओढा साहजिकच तिकडे वळला. जो विमानतळ चिपीपासून सरळ रेषेत जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे आणि जेथून विमान मिळण्याची खात्री आहे, त्याला सोडून अनिश्चित सेवेसाठी कोण खोळंबेल?

म्हणून कोणत्याही छोट्या विमानतळाची योग्यता धावपट्टीच्या लांबीवरून किंवा उद्घाटनाच्या थाटावरून न ठरवता, तेथील सेवा किती अखंड चालते आणि उतरलेला माणूस किती लवकर आपल्या उंबरठ्याशी पोचतो, यावरून ठरवावयास हवी. सरकारी अनुदान मुदतीशी नव्हे, तर नियमित फेऱ्यांशी बांधावे. प्रत्येक विमानाच्या वेळेशी जुळणारी एसटी कुडाळ, मालवण आणि वेंगुर्ल्याकडे सुटावी. आणि फेरी रद्द करावयाची झाल्यास पर्यायी प्रवासाची जबाबदारी कंपनीने कागदोपत्री न ठेवता प्रत्यक्ष पार पाडावी. एवढी तरतूद केल्यावाचून नवा विमानतळ मंजूर करणे हा जनतेच्या पैशाचा अपव्यय होय.