पडक्या भिंतीची चढती किंमत

शेतकरी व कारागीर बंधूंनो, जमिनीवर सारा बसतो हे आपल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण ज्या चार भिंतींच्या आत आपण निजतो त्यांची किंमत कोण ठरवतो, कशावरून ठरवतो, आणि भिंत दर पावसाळ्यात खचत असताना तिच्यावरची पट्टी मात्र का चढते, असे विचारले तर भल्याभल्यांची बोलती बंद होते. बिल आले की भरायचे, नाही जमले तर थकवायचे, आणि पोराच्या दाखल्यासाठी चावडीवर गेल्यावर मागल्या बाकीसकट मुकाट्याने मोजायचे, एवढाच आपला घरपट्टीशी संबंध!

म्हणून आधी हिशेबच मांडू. ग्रामपंचायतीला घरपट्टी बसवण्याचा अधिकार 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 124 ने दिला. पूर्वी आकारणी घराच्या क्षेत्रफळावर होत असे. 31 डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेने ती भांडवली मूल्यावर आणली. रीत अशी की, घराच्या क्षेत्रफळाला त्या जागेच्या सरकारी दराने गुणायचे. पुन्हा त्याच क्षेत्रफळाला बांधकामाच्या दराने गुणून घराच्या वयाप्रमाणे घसारा धरायचा. दोन्हींची बेरीज करून ती वापराच्या भारांकाने गुणायची. आणि जी रक्कम येईल तिच्यावर हजारी काही पैसे किंवा रुपये पट्टी.

आता यातली मेख पाहा. घसारा मिळतो तो भिंतीला, जमिनीला नाही. धरून चाला की, चाळीस चौरस मीटरचे धाब्याचे घर आहे आणि जागेचा दर मीटरला पाचशे रुपये आहे. जमिनीच्या बाजूने वीस हजार झाले. उद्या गावाशेजारून मोठा रस्ता गेला, शहरातल्या चार धनिकांनी बंगल्यासाठी तुकडे घेतले आणि सरकारी तक्त्यातला दर पंधराशेवर गेला, की तेच वीस हजार साठ हजार होतात. घर तेच, माळवद गळते तेच, खाणारी तोंडे तीच. ज्याने जमीन विकली त्याला पैसा मिळाला. ज्याने वाडवडिलांचा उंबरठा धरून ठेवला त्याला वाढीव बिल मिळाले. न विकणाऱ्याने विकणाऱ्याच्या भावाने कर भरावा, हा कोणत्या गावचा न्याय? घर हे आमचे भांडवल नव्हे. ते विकून आम्ही कोठे राहावे, हे त्या तक्त्यात लिहिलेले नाही.

घरकुलाची कथा तर याहून मौजेची आहे. कुडाच्या झोपडीत जन्म काढलेल्या मजुराला सरकार हप्त्याहप्त्याने पैसे देते, वर तो स्वतः कर्ज काढतो आणि विटा-सिमेंटची दोन खणांची खोली उभी करतो. मातीच्या घराला हजारी दर सर्वांत कमी, सिमेंट-सळईच्या घराला सर्वांत जास्त. म्हणजे झोपडी गेली त्या दिवशी बापडा वहीत बंगलेवाल्यांच्या पंगतीला जाऊन बसला! मजुरीत एका दमडीची वाढ नाही, पण भिंत बदलली म्हणून ऐपत बदलली असे मानायचे.

आणि कारागिराचे काय? लोहाराचा भाता, कुंभाराचे चाक, विणकराचा माग, सुताराचा रंधा हे सारे ओसरीतच असते. राहत्या वापराचा भारांक कमी, धंद्याच्या वापराचा जास्त. ज्या ओसरीत रात्री म्हातारी निजते तिलाच दिवसा कारखाना म्हणायचे की घर? खऱ्या कारखान्यांची गोष्ट वेगळी! 1958 च्या कायद्याने त्यांच्यासाठी कलम 125 मध्ये करांऐवजी ठोक रकमेचा करार करण्याची वाट ठेवली. ऐरणीवाल्याशी असा करार करायला कधी कोणी आल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

जोतीराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा दर तीस वर्षांच्या पाहणीत शेतसारा वाढे. आता घराची फेरआकारणी दर चार वर्षांनी. तेव्हा दप्तर कुळकर्ण्याच्या बगलेत असे. शाहू छत्रपतींनी 1918 साली कोल्हापुरात कुळकर्णी वतन मोडले ते याच दप्तराच्या जुलमापायी. आज सरपंच आपला, पंच आपले, ग्रामसेवकही (त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) पुष्कळदा आपल्याच भाऊबंदांतले. मग वही अजून बंद का? पुढाऱ्याच्या दुमजली वाड्याचा एकच मजला आणि विधवेच्या गोठ्याचीही राहती खोली नोंदली गेली असेल, तर तो दोष आता भटाच्या माथी मारता येणार नाही. कडू आहे, पण आम्ही लिहिणारच.

कोणी म्हणेल, पट्टी नको तर नळ आणि दिवे कोठून यायचे? बरोबर आहे. पट्टी बुडवा असे आम्ही म्हणत नाही. जो बुडवतो तो शेजाऱ्याच्या पदरात आपले ओझे टाकतो. पण नियमाने हजारी दराला खालची आणि वरची अशा दोन मर्यादा घातल्या आहेत, आणि त्यांच्या मध्ये दर ठरवणे पंचायतीच्या हाती आहे. घरकुलाला व कारागिराच्या घराला खालचा दर लावा, असा ठराव करायला कोणाची आडकाठी आहे? सरकारनेही गावठाणातल्या राहत्या घरासाठी जमिनीचा दर बंगल्याच्या तुकड्यांपासून वेगळा काढावा.

तोवर एवढे करा. नमुना 8 चा आपला उतारा मागून घ्या. लिहिता-वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला बसवा. लांबी-रुंदी दोरीने मोजून पाहा, बांधकामाचे वर्ष कोरे आहे काय ते पाहा, गोठा आणि ओसरी कोणत्या सदरात घातली ते पाहा. चूक असेल तर लेखी हरकत द्या व पोच घ्या. ऐकले नाही तर पंचायत समितीकडे, तेथून जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील आहे, आणि अपिलाला मुदत असते. येत्या ग्रामसभेत आकारणीची वही पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत मोठ्याने वाचण्याची मागणी करा, आणि वाचणाऱ्याने सुरुवात सरपंचाच्या घरापासून करावी.